मस्टरवर नाव नवऱ्याचं

मी हजेरी सहाय्यक होते. नाव भारदस्त आहे. काम एवढंच, की रोजगार हमीच्या कामावर सकाळी जायचं, कोण आलं कोण नाही ते मस्टरवर लिहायचं आणि संध्याकाळी ते मस्टर पिशवीत घालून घरी आणायचं. यवतमाळ जिल्ह्यात कापसाची जी वाईट वर्षं झाली, त्या वर्षांतली ही गोष्ट. तालुका कोणता ते सांगत नाही. सांगितला तर लोक त्या एका तालुक्याला नावं ठेवतील आणि बाकीचे तालुके नाक वर करून फिरतील. सगळीकडं तेच चाललं होतं.

आमचं घर कचेरीतलं. आजोबा बाबू, वडील बाबू, भाऊही बाबूच. आमच्याकडची पोरं कानावर पेन ठेवूनच जन्माला येतात म्हणा ना. भावाला पहिली नोकरी लागली तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. मला लागली तेव्हा वडील पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “चला, तुझा हातखर्च निघेल.” माझा पगार भावाच्या पहिल्या पगारापेक्षा चार पैसे जास्तच होता, पण भावाचा तो पगार आणि माझा तो हातखर्च. बरं, भाऊ अमरावतीला गेल्यावर घरात भाजी कशातून येत होती, हे वडिलांना ठाऊक नव्हतं असं नाही.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात गाड्यांची नुसती रीघ लागली होती. मुंबईहून येत, दिल्लीहून येत, पेपरवाले येत, कॅमेरे येत. गावात शिरले की पहिला प्रश्न ठरलेला, “घरातला कर्ता माणूस कोण?” कर्ता माणूस पारावर बसलेला असायचा, त्याला उठवून आणायचे. मग कर्त्या माणसाला फवारणीचं प्रशिक्षण, कर्त्या माणसाला बियाणं, कर्त्या माणसाला भाषण. बायकांसाठी काय, तर शिलाई मशीन आणि पापड. जिनं जून महिन्यात सरकी टोबली, श्रावणभर निंदण केलं, दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत ओटी बांधून कापूस वेचला, बोंडांच्या टोकांनी जिची बोटं फाटली, तिला सरकार म्हणे, बाई, तू आता काहीतरी काम शीक, पापड लाट. असं बोलणाऱ्याच्या तोंडावर पापड लाटावा, असं मला तेव्हाही वाटायचं.

तर आमचं काम पाझर तलावाचं होतं. उन्हाळ्याचे दिवस, कापूस संपलेला, रानात काही नाही. तीन गावांची माणसं कामावर होती. आणि तिथं एक रीत होती, जोडीची. नवरा कुदळीनं खणायचा, बायको घमेल्यात माती भरून बांधावर नेऊन टाकायची. मुकादम चुन्यानं चौकोन आखून द्यायचा, त्या चौकोनाला चौकडी म्हणत. एका जोडीला एक चौकडी. मस्टरवरही एकच ओळ. नवऱ्याचं पूर्ण नाव, आणि पुढं लिहायचं ‘अधिक एक’. बायको म्हणजे अधिक एक. दिवसाला शंभर-शंभर घमेली डोक्यावरून वाहणारी बाई, आणि कागदावर तिला नाव नाही, गाव नाही, ती आपली अधिक एक. नियमांचं पुस्तक मी उलटसुलट वाचलं, त्यात जोडी कुठं नव्हती. पण मुकादमाला विचारलं तर म्हणाला, “बाई, पहिलेपासून असंच हाय. पुस्तकवाल्याले येऊ द्या एक दिवस खंदाले.” मग मीही तसंच लिहायला लागले. माझं अक्षर सुरेख होतं. त्या सुरेख अक्षरात मी रोज पन्नास-साठ ‘अधिक एक’ लिहीत होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. काहीही नाही.

काम सुरू झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी काकू आली. मी तिला काकू म्हणायची, वय पंचेचाळीसच्या आसपास, बांधा काटक, बोलणं तोडून टाकल्यासारखं. एकटीच आली, खांद्यावर घरची कुदळ.

मुकादम म्हणाला, “जोडी कुठी हाय?”

“नाई. मी येकलीच हावो.”

“येकल्या बाईले काम नाई भेटत. जोडी आन.”

“मी खंदतो बी, अन् वाहतो बी. तुमी चौकडी आखून त द्या.”

“अवं बाई, येडी झाली का? बाईमानूस कुदळ मारते का कुठी? मानूस आन घरचा.”

“घरचा मानूस बाजीवर पडून हाय,” ती म्हणाली. “आनतो, तुमी उचलाले या.”

तिच्या नवऱ्याची कथा नंतर कळली. दोन वर्षांपूर्वी कापूस खरेदी केंद्रावर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली होती. तिचा नवरा चौथ्या दिवशी भर दुपारी आपल्या बंडीवर, कापसाच्या ढिगावर, डोळा लागून झोपला आणि कुशीवर वळताना तिथून खाली पडला. पाठीचा कणा गेला. कमरेखाली काही नाही. तेव्हापासून तो बाजेवर. डॉक्टर म्हणाले, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, आणि जखम हाडापर्यंत गेली तर माणूस हाती लागणार नाही. लेकी दोन, दोन्ही दूर दिल्या होत्या. दीर भिंतीला भिंत लावून राहत होता, पण भावाची कूस बदलणं त्याला जमत नव्हतं. तो दारात बसून तंबाखू मळत म्हणायचा, “बायमानसाचं काम हाय ते.” पन्नास किलोचं खताचं पोतं असतं तर उचललं असतं त्यानं. भाऊ तेवढा उचलवत नव्हता.

आता इथं माझी पहिली लाज सांगून टाकते. त्या दिवशी मीसुद्धा तिला परत पाठवलं. म्हटलं, “काकू, मस्टरवर तशी सोय नाही.” सोय! जणू ते मस्टर आभाळातून पडलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, “तुमी त शिकलेल्या हा ना जी?” आणि कुदळ उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी ती जोडी घेऊन आली. तिच्याच गावातली एक धिप्पाड बाई, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी भाकरी खाऊन टोमणे गिळणारी. दोघी चुन्याच्या रेषेपाशी उभ्या राहिल्या. काकू म्हणाली, “हे घ्या जोडी.”

कामावर जो हशा पिकला! पुरुष तर हसलेच, बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. मुकादमाला तर उचकीच लागली. “दोन बायांची बी जोडी असते का? मंग यातला नवरा कोन?” धिप्पाड बाई म्हणाली, “ज्याले खंदता येते तो नवरा.” तेव्हा मात्र पुरुषांचं हसू थोडं कमी झालं.

शेवटी तोडगा मुकादमानंच काढला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, कायले तिढा करता? काम कोनी बी करो, नाव मानसाचं लिवा. तिचा नवरा जिता हाय ना? मंग लिवा त्याचं नाव, अधिक एक. खेल खतम.”

आणि मी लिहिलं. काकूच्या बाजेवर पडलेल्या नवऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, माझ्या सुरेख अक्षरात. अधिक एक. दोन बायका कामावर, त्यातली एक कागदावर पुरुष झाली, दुसरी अधिक एक झाली. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या संध्याकाळी मी खुशीत घरी गेले. मला वाटलं, मी मोठा तीर मारला. बाईला काम मिळालं, मस्टरही नीट राहिलं. वडिलांना सांगितलं नाही, कारण वडिलांच्या दृष्टीनं मस्टरवरची ओळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

काकूचा दिवस मी पाहिला आहे. पहाटे नवऱ्याचं सगळं करायचं, धुणं, पुसणं, ज्वारीची भाकरी कुस्करून भरवणं. मग कूस बदलून कामावर. दुपारी सगळे बाभळीखाली शिदोरी सोडायचे तेव्हा ही दीड मैल चालत घरी, कूस बदलायची, पाणी पाजायचं, आणि परत दीड मैल. भाकरी चालता चालता खायची. ती नसताना धिप्पाड बाई एकटी खणायची, एकटी वाहायची. एकदा मी धिप्पाड बाईला म्हटलं, “तुम्ही तरी सावलीत बसा थोडं.” ती म्हणाली, “ते तिकडं बसून राह्यली का?”

आणि चौकडी? काय सांगू! कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ. खोली कुठं कमी नाही. शेजारच्या जोड्यांचे खड्डे म्हणजे डुकरानं उकरल्यासारखे. मोजमापाचे साहेब आठवड्यानं आले, टेप लावला, खूश झाले. “ही चौकडी कोणाची?” मी मस्टर बघून नाव वाचलं. “वा! कुठं आहे तो?”

मुकादम पटकन म्हणाला, “पानी प्याले गेला, सायेब.”

दोन्ही बायका तिथंच खड्ड्यात उभ्या होत्या. एकीच्या हातात कुदळ होती, घामानं चोळी पाठीला चिकटलेली. साहेबांनी त्यांच्या डोक्यावरून दूर बाभळीकडं पाहिलं, पाणी पिणारा माणूस दिसतो का म्हणून. दर आठवड्याला हेच. तो माणूस दर आठवड्याला पाणी पीत होता. एवढं पाणी कोणी प्यालं असतं तर पाझर तलाव खणायची गरजच नव्हती.

पावसाच्या आधी काम संपलं. जिल्ह्याहून मोठे साहेब तलाव बघायला येणार होते, आणि कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की उत्कृष्ट मजुराचा सत्कार करावा. मोजमाप पुस्तक काढलं, सगळ्यांत चांगली चौकडी कोणाची? काकूच्या नवऱ्याची. मी मुकादमाकडं धावले. मुकादम म्हणाला, “घाबरू नका, बायकोले पाठवू वर.”

मंडप घातला होता. लाऊडस्पीकरवरून नाव पुकारलं. काकू उठून गेली. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला आणि माइकवरच विचारलं, “घरधनी कुठं आहेत?”

“घरी हाय जी.”

“विश्रांती घेत असतील. कष्टाळू माणूस. अशा नवऱ्याला जपावं हो बाई, असा नवरा नशिबानं मिळतो. तुम्ही काय, घरीच असता?”

काकूनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. ती म्हणाली, “हो जी. घरीच.”

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, हो, वाजवल्या. तिचे तळहात नारळाभोवती मला दिसत होते, कुदळीच्या दांड्यानं सोललेले, आणि मी टाळ्या वाजवत होते.

पावसाळा लागला. निंदणाची कामं मिळत होती पण शेतं लांबची, दुपारी घरी येणं जमेना. नवऱ्याच्या पाठीला जखम झाली. आधी रुपयाएवढी होती, मग वाटीएवढी. काकू एके दिवशी आमच्या दारात आली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आलेला ऐकला. म्हणाली, “बाई, घरी राह्यलो त खाऊ काय? कामाले गेलो त ह्या मानसाची पाठ सडून राह्यली. निराधाराचे पैसे चालू होते का पाहा ना जी. दोन टाइमाची जवारी झाली त मी त्याले घरी बसून वाचवतो.”

मी तिचा निराधार योजनेचा अर्ज भरला. नवरा कमरेखाली अधू, कमावता कोणी नाही. डॉक्टरचा दाखला लावला. सगळं बिनचूक होतं, आणि मी पुन्हा खुशीत होते. माझ्यासारखं भैताड दुसरं कोणी नसेल.

पोळ्यानंतर कचेरीत समितीची बैठक झाली. माडीवरच्या खोलीत. मला मस्टर घेऊन बोलावलं तेव्हाच मी समजले. टेबलामागं सहा पुरुष, मधे अध्यक्ष, कोपऱ्यात बडे बाबू, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून. काकू दारापाशी उभी. बडे बाबूंनी अर्ज वाचला आणि शेजारी मस्टर ठेवलं. “हा इसम उन्हाळाभर रोजगार हमीवर होता. उत्कृष्ट मजूर. मोठ्या साहेबांच्या हस्ते सत्कार झालेला आहे. आणि बायको म्हणते तो दोन वर्षांपासून अधू.”

अध्यक्ष काकूला म्हणाले, “लाज वाटत नाही? धडधाकट नवऱ्याला लंगडा करता सरकारी पैशासाठी?”

काकू म्हणाली, “सायेब, तो नोता. मी खंदलं.”

“काय?”

“मी अन् माही सोबतीण. आमी दोघीनं खंदलं थे.”

सहाही जण हसले. अध्यक्षांनी मोजमाप पुस्तक पुढं ओढलं. “बाई, हे माप बघा. अशी चौकडी बाप्या माणसाशिवाय होत नाही. थोडी तरी पटेल अशी थाप मारा.”

मग मी उभी राहिले. नोकरी गेली हे मनात पक्कं केलं होतं. आदल्या दिवशी वडिलांना सगळं सांगून टाकलं होतं, तेव्हा त्यांनी बजावलं होतं, “तोंड बंद ठेव. खोटं मस्टर लिहिलं असं कबूल केलंस तर घरी बसशील, आणि आमच्या तीन पिढ्यांच्या नावाला बट्टा लागेल.” मी म्हटलं, “साहेब, ती खरं बोलते आहे. मी मस्टरवर खोटं नाव लिहिलं. तो माणूस एक दिवसही कामावर आलेला नाही.”

खोलीत शांतता होईल असं मला वाटलं होतं. कसली शांतता! अध्यक्ष अगदी मायेनं हसले. “मॅडम, तुमचं मन हळवं आहे. बायकांना बायकांची दया येते, आम्ही समजू शकतो. पण अशानं स्वतःची नोकरी घालवू नका. बसा, चहा घ्या.” बडे बाबू तर म्हणाले, “तुमच्या वडिलांना मी ओळखतो, देवमाणूस.” म्हणजे मी गुन्हा कबूल केला आणि त्यांनी मला चहा दिला. दोन बायका मिळून सांगत होत्या की खड्डा बाईनं खणला, आणि सहा पुरुषांना त्यापेक्षा मी दयेपोटी सरकारी नोकरीवर लाथ मारते आहे हे जास्त खरं वाटलं. अर्ज फेटाळला. त्या चहाची चव मला अजून आठवते, नुसता साखरेचा पाक.

जिन्यातून उतरताना मी रडत होते. काकू रडत नव्हती. तिनं विचारलं, “आता पुन्हा कधी बसते हे पंचायत?”

“पुढच्या महिन्यात.”

“तवरिक जगला पाह्यजे,” ती म्हणाली.

तो महिना ती कामाला गेली नाही. कशी राहिली, काय खाल्लं, तिलाच ठाऊक. धिप्पाड बाई आपल्या भावाच्या घरून पदराखाली भाकरी आणायची एवढं मला कळलं. मी दोनदा ज्वारी घेऊन गेले तर काकूनं पहिल्यांदा घेतली आणि दुसऱ्यांदा म्हणाली, “तुमच्यानं पुरं होईन का जी? कागदाचं पाहा, कागदाचं.”

पुढच्या बैठकीच्या दिवशी मी कचेरीच्या आवारात पोहोचले तर दारात एक बंडी उभी. आणि जिन्यावरून एक बाज वर चाललेली. पुढं धिप्पाड बाई, मागं काकू, मधे बाजेवर काकूचा नवरा, छातीपर्यंत चादर, डोळे छताकडं. पुढचीनं हात खाली धरलेले, मागचीनं खांद्याच्या वर, बाज सपाट राहावी म्हणून. एकवीस पायऱ्या. खाली पानाच्या टपरीवरचे दहा-बारा बाप्ये तोंड उघडं टाकून बघत होते, हात कोणी लावला नाही. मी धावले तर काकू म्हणाली, “सरका बाई, तोल जाईन.” मधे एकदाही थांबल्या नाहीत. वर जाऊन त्यांनी ती बाज समितीच्या टेबलापुढं ठेवली, आणि काकूनं चादर उचलून नवऱ्याला कुशीवर करून पाठ दाखवली. वास आला तसे दोन सदस्य नाकाला रुमाल लावून मागं सरकले.

“हा पाहा तुमचा उत्कृष्ट मजूर,” ती म्हणाली.

काकूचा नवरा भिंतीकडं तोंड करून म्हणाला, “सायेब, मी आयुष्यात कधी तिकडं गेलतोच नाई.” एवढंच बोलला.

आता खरं तर त्यांनी माझं मस्टर फाडायला हवं होतं, मला निलंबित करायला हवं होतं. मी तयार होते. पण बडे बाबू आणि अध्यक्ष खिडकीपाशी जाऊन कुजबुजले. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातानं ज्याला शाल दिली, त्याचं मस्टर खोटं निघालं तर? पेपरवाले गावात फिरतायत. छे छे, ते उघडायचंच नाही. परत येऊन बडे बाबू म्हणाले, “असं करू. तो उन्हाळ्यात कामावर होता, हे खरं धरू. नंतर, काम संपल्यावर, पडला. मग अधू झाला. सगळे कागद जुळतात.”

त्या माणसाच्या आयुष्यातली दोन वर्षं त्यांनी चहाच्या एका घोटात पुसून टाकली. पण अर्ज मंजूर होत होता. मी काकूकडं पाहिलं, तिनं मानेनं हो म्हटलं. म्हणाली, “काई बी लिवा. पाठ बरी झाली पाह्यजे.”

“एकच रकाना राहिला,” बडे बाबू म्हणाले. “पत्नीचा व्यवसाय. मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच लिहा. ‘काही करीत नाही.’ ”

मी म्हटलं, “ती मजुरी करते.”

“मजुरी लिहिलं तर कमावती ठरते, मग निराधार कसला? ‘काही करीत नाही’ लिहा, नाहीतर अर्ज बाद.”

मी लिहिलं. तिच्या देखत, त्याच हातानं, त्याच सुरेख अक्षरात. मला वाटलं होतं, ती शिकलेली नाही, तिला कळणार नाही, आणि मनातून मी तेवढ्यावरच निभावून नेत होते. अध्यक्षांची सही झाली, शिक्का बसला. तेवढ्यात काकूनं विचारलं, “बाई, माह्याबद्दल काय लिवलं जी?”

मला खोटं बोलता आलं असतं. त्या उन्हाळ्यापासून मी खोटं लिहिण्यात चांगली तयार झाले होते. पण मी मोठ्यानं वाचलं, “पत्नी काही करीत नाही.”

“काई करत नाई?”

“असं लिहावं लागतं बाई,” बडे बाबू म्हणाले. “नियम आहे. चला, आता घेऊन जा याला, पुढचे अर्जदार थांबलेत.”

काकूनं कागदाकडं पाहिलं, शिक्क्याकडं पाहिलं. मग पदर खोचलेला होता तो सोडला आणि सावकाश भिंतीला टेकून खाली बसली. धिप्पाड बाईला म्हणाली, “बस वं. आपुन काई करत नाई.” तीही बसली.

“अहो, हे काय? याला खाली न्या ना!”

“तुमी न्या जी,” काकू म्हणाली. “सायेबाची सही हाय त्याच्यावर. मी काई करत नाई.”

शिपायाला हाक मारली, तो एकटा काय करणार? बाहेर अर्जदारांची रांग जिन्यापर्यंत, बाज टेबलापुढं आडवी, जखमेचा वास खोलीभर. बडे बाबूंनी माझ्याकडं पाहिलं. मी पेनाला टोपण लावलं आणि काकूशेजारी जमिनीवर जाऊन बसले. मला भीती वाटत होती, आणि इतकं बरं त्या नोकरीत मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटी उचलली त्यांनी. बडे बाबू एका कोपऱ्याला, शिपाई दुसऱ्या, समितीतले दोघे धोतर सावरत मागच्या बाजूला. आम्ही तिघी मागून निघालो. चौथ्या पायरीवर बडे बाबूंचा हात सुटता सुटता राहिला, सातव्या पायरीवर त्यांनी बाज टेकवली आणि चौघेही कठड्याला धरून धापा टाकत उभे राहिले.

“डोक्याकडची बाजू वर धरा, सायेब,” काकू म्हणाली. “पाठ दुखते त्याची. चला जी, अजून चौदा पायऱ्या हायेत.”